रविवारचा हिशेब

दर रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच माझा मोबाइल माझ्यापुढे गेल्या आठवड्याचा हिशेब मांडतो. मी तो मागितलेला नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचा नातू पुण्याहून सुट्टीस आला होता. त्याने यंत्रात काही खटपट करून ही व्यवस्था लावून दिली आणि "आजोबा, आता तुम्हांला कळेल," असे मोघम बोलून तो परत गेला. काय कळेल ते त्याने सांगितले नाही. पहिल्याच रविवारी ते कळले. पडद्यावर अक्षरे उमटली होती: दररोज सरासरी पाच तास बारा मिनिटे.

मी हे प्रथम मानलेच नाही. ज्याने पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविले त्याला दुसऱ्याच्या बेरजेतील चूक दाखविण्याची सवय असते. स्वतःची पत्करण्याची नसते. मी मनाशी आकडेमोड केली. सकाळी बातम्या, पंधरा मिनिटे. जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे, त्यातील सुप्रभातांस उत्तरे देण्यास पंधरा. दुपारी एखादे नाट्यगीत. रात्री निजण्यापूर्वी थोडे इकडचे तिकडचे. कोणत्याही न्यायाने दीड तासापलीकडे मजल जात नव्हती. तेव्हा यंत्राची लबाडी उघडकीस आणावी म्हणून मी एक वही घेतली आणि दोन दिवस नोंद ठेवण्याचा निश्चय केला. मोबाइल हाती घेतल्याची वेळ मी प्रत्येक खेपेस काटेकोरपणे लिहिली. खाली ठेवल्याची वेळ लिहावयास मात्र दोन्ही दिवस विसरलो. ती वही अजून माझ्यापाशी आहे. तिच्यातील डावा रकाना भरलेला आणि उजवा कोरा आहे.

पुढे गुणाकार करून पाहण्याचा मोह आवरला नाही. पाच तास बारा मिनिटांना 365 ने गुणले असता 1,898 तास होतात. म्हणजे अहोरात्र मोजले तर वर्षाचे 79 दिवस, आणि आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर 237. सेवानिवृत्त झाल्यापासून मला करावयास काही उरले नाही अशी माझी तक्रार होती. वस्तुतः मी वर्षाकाठी 237 दिवस कामावर जात होतो. फक्त पगार नव्हता!

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने 2024 साली देशातील लोक आपले चोवीस तास कसकसे खर्चितात याची पाहणी केली. पुढल्या वर्षी तिचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा मी ते आधाशीपणाने वाचले. (अर्थात मोबाइलवरच.) संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि खेळ या सदराखाली सहा वर्षांवरील माणसे दिवसाचे शेकडा 11 भाग घालवितात असे तीत निघाले; 2019 च्या पाहणीत हेच प्रमाण शेकडा 9.9 होते. शेकडा 11 म्हणजे सुमारे दोन तास अडतीस मिनिटे. त्यात मैदानावरचा खेळ आला, पुस्तक आले आणि वर्तमानपत्रही आले. माझ्या पाच तास बारा मिनिटांत यातले काहीच नव्हते. देशाच्या सरासरीहून दुप्पट उद्योगी असलेला मनुष्य आमच्या येवल्यात, आमच्याच घरात निघावा, याचे मला त्या क्षणी किंचित कौतुकही वाटले. माणसाचे मन असे चमत्कारिक आहे.

पण मी थोडा पुढे गेलो. तो पहिला हिशेब आला त्या दिवशी मी तो सौभाग्यवतीस हसत हसत वाचून दाखविला होता. ती पुरणाची डाळ निवडीत बसली होती. ती म्हणाली, "पाच तास? मला वाटले, जास्त भरतील."

यावर मी दादासाहेब फाळक्यांचा आधार घेतला. फाळके आमच्याच जिल्ह्यातले. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मले. 1911 साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला आणि त्यांस त्या विद्येचा असा ध्यास लागला की पुढे कित्येक महिने ते दररोज चार-पाच तास चित्रेच पाहत राहिले. जागरणाने आणि डोळ्यांवरील ताणाने त्यांची दृष्टी गेली. एका नेत्रवैद्याने उपचार करून, तीन-चार चष्मे देऊन, ती परत आणली म्हणून 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली जगास दिसला. "तेव्हा चार-पाच तास पडद्याकडे पाहण्याची परंपरा नाशिक जिल्ह्यात एकशे दहा वर्षांची आहे," असे मी म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी पाहून काहीतरी केले." आणि डाळ निवडू लागली. वादात एवढ्या थोडक्यात मला कोणी कधी हरविले नव्हते. अर्थात मी ते कबूल केले नाही.

आमचे घर म्हणजे पैठणी विणणाऱ्यांच्या आळीतले एक जुने घर आहे. मी विणकरांच्या कुळातला नव्हे, सौभाग्यवती आहे. तिच्या माहेरी दोन माग होते आणि लग्नापूर्वी ती काठाचे काम करीत असे. आमच्या भिंतीपलीकडे अजून माग आहे. त्याचा खटखट आवाज सकाळी नवाच्या सुमारास सुरू होतो, दुपारी एक वाजता थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि दिवे लागले की बंद पडतो. मी इतकी वर्षे त्या आवाजावर घड्याळ लावीत आलो.

मला आठवते, पूर्वी या आळीत प्रत्येक मागाशेजारी एक रेडिओ असे. कोनाड्यात, सुताच्या धुळीने माखलेला, बहुधा एका बाजूने दोरीने बांधलेला. विविधभारती 1957 साली सुरू झाली. माझ्या लहानपणी ती या आळीत पहाटेपासून रात्रीपर्यंत एका घरातून दुसऱ्या घरात जणू चालत जाई. एका गाण्याचे धृपद या टोकाला ऐकू आले तर अंतरा त्या टोकाला पोहोचेपर्यंत संपत असे. कोणी म्हणत नसे की रेडिओने विणकर बिघडले. उलट रेडिओ बंद पडला तर कामात मन लागत नाही अशी ओरड होई. मुलांनी दिवसाकाठी किती तास रेडिओ ऐकावा यावर कोणी व्याख्यान दिल्याचे मला स्मरत नाही.

दूरचित्रवाणीचे तसे झाले नाही. मुंबई केंद्र 1972 साली सुरू झाले तरी आमच्या आळीत तो पडदा आला पुष्कळ उशिरा. आणि त्याने खरा मुक्काम ठोकला तो 25 जानेवारी 1987 पासून, रामायण सुरू झाले तेव्हा. दर रविवारी सकाळी ज्या घरात संच असे तेथे चाळीस-पन्नास माणसे जमत. एक म्हातारी संचास हळदकुंकू वाही. त्या काळी रविवारीसुद्धा काही माग चालत. रामायणाच्या वेळी मात्र आळी सुन्न होई. रेडिओ लागला की माग चालत, हा पडदा लागला की माग थांबत. आम्ही त्या वेळी याचा विचार केला नाही. आठवड्यातून एकदा, तेही रामासाठी माग थांबला, तर त्यात वावगे काय, असेच सर्वांस वाटे. पुढे माग थांबविणारे कार्यक्रम वाढले. माग चालविणारी माणसे काही ते सारे पाहू शकली नाहीत. पाहणारे आम्ही होतो, ज्यांच्या हातांना दुसरे काम नव्हते.

गेल्या वर्षीच्या माघातील गोष्ट. दुपारी कॉटवर पडून मी मोबाइलवरील लहान लहान चित्रफिती एकामागून एक सरकवीत होतो. ही चित्रफीत साधारण मिनिटाभराची असते; आवडली नाही तर अंगठ्याने ढकलावी, आवडली तरीही ढकलावी. एकाएकी पैठणीचा पदर विणला जात असलेला दिसला. काळ्याभोर रेशमावर जरीच्या भूमीतून मोर वर येत होता. पाय, मग छाती, मग मान, मग तुरा. महिन्याभराचे काम कोणीतरी मिनिटात आवळून दाखविले होते. मला पुन्हा फाळके आठवले. त्यांनीही हेच केले होते: कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला, महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्र घेतले आणि अंकुर फुटून वेल होईपर्यंतची सारी हकीकत मिनिटाभरात धनिकांस दाखवून भांडवल उभे केले. मी तो मोर तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहत असता माझ्या ध्यानात आले की चित्रफितीतला खटखट आवाज चित्रफीत संपल्यावरही चालूच आहे. तो भिंतीपलीकडून येत होता.

मी त्या घरात किती दिवसांत गेलो नव्हतो? दिवसांत नव्हे, दोन वर्षांत गेलो नव्हतो. मधे फक्त एक भिंत होती.

उठून गेलो. विणकर माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण त्याच्या पदरावरचे मोर कधी एका धाग्याने चुकत नाहीत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो बसला होता. ताण्याच्या धाग्यांखाली आराखड्याचा कागद, समोर निरनिराळ्या रंगांच्या रेशमाच्या लहान लहान कांड्या लोंबत असलेल्या. त्या तो बोटांनी उचली, चार धाग्यांतून काढी, शेजारच्या रंगात गुंतवी आणि सोडी. पैठणीची हीच खुबी आहे की ती उलटी केली तरी सुलटीसारखीच दिसते. मागच्या बाजूस लोंबणारा धागा तिला चालत नाही. असे दहा-बारा रंग गुंतवून झाले की फणीचा एक ठोका बसतो आणि नक्षी एका धाग्याने वर चढते.

"या सर," तो म्हणाला. पण डोळे वर केले नाहीत. ही अवज्ञा नव्हे हे मला ठाऊक होते.

कोनाड्यात रेडिओच्या जागी त्याचा मोबाइल उभा होता, पडदा भिंतीकडे करून. त्यातून भजन चालले होते. मी विचारले, "अरे, तोंड भिंतीकडे का?"

"माझ्याकडे केले की मान वळते सर. मान वळली की मोराची चोच वाकडी. मग उसवायला अर्धा दिवस." थोडे थांबून, दोन कांड्या गुंतवून, तो म्हणाला, "कान रिकामे असतात आमचे. डोळे रिकामे नसतात."

मोबाइलवर त्याचा राग नव्हता, हे मी येथे मुद्दाम सांगतो, कारण असे निबंध लिहिणाऱ्यांस कारागिराच्या तोंडी यंत्राची निंदा घालण्याची भारी हौस असते. रात्री जेवण झाल्यावर तो तोच मोबाइल हाती घेतो, पुण्या-मुंबईच्या आणि क्वचित परदेशातल्याही गिऱ्हाइकांस अर्धे विणलेले लुगडे दाखवितो, बंगळूरच्या रेशमाचा आणि सुरतेच्या जरीचा भाव विचारतो. पूर्वी हे सारे दुकानदाराच्या हाती असे. आता एखाददुसरे गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे येते. त्यानंतर आपणही घटकाभर काहीबाही पाहतो, असे तो ओशाळून म्हणाला. त्याला दिवसाचा हिशेब विचारला तेव्हा तो म्हणाला, "आज तीन बोटे झाली." तासांविषयी तो बोलत नव्हता. विणून झालेल्या कापडावर त्याने तीन बोटे आडवी ठेवून दाखविली.

मी निघालो तेव्हा त्याने एक गोष्ट सहज सांगितली. ती तो विसरलाही असेल.

"काकू परवा आल्या होत्या. पदर बघून गेल्या. त्यांना म्हटले, मोर किती झाले सांगा. पाच म्हणाल्या. आहेत सहा. मी म्हटले, थट्टा करतात. पण सर, त्यांना डावीकडचा दिसलाच नाही."

घरी येऊन मी विचारले. ती तांदूळ धूत होती. मागे वळून न पाहता ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीत सांगितले होते मी तुम्हांला. रांगोळीचे ठिपके डावीकडे चुकतात म्हणून. संक्रांतीलाही सांगितले, गच्चीवर."

मला दिवाळीचे काही आठवले नाही. संक्रांतीचे आठवले. येवल्याची संक्रांत ज्यांनी पाहिली नाही त्यांस सांगावयास हवे की भोगी, संक्रांत आणि करीचा दिवस असे तीन दिवस या गावात जमिनीवर कोणी नसते. सारे गाव गच्च्यांवर आणि धाब्यांवर असते. हलकडी वाजत असते, आसाऱ्या फिरत असतात आणि आकाशात इतके पतंग असतात की आपला कोणता हे दोरीच्या ओढीवरून ओळखावे लागते. कापलेला पतंग प्रथम दिसावयाचा तो आमच्या सौभाग्यवतीस. लग्न होऊन ती या घरी आली त्या वर्षापासून हा तिचा लौकिक. त्या दिवशी ती कठड्याशी उभी होती आणि मी मागे पाण्याच्या टाकीला टेकून, आमच्याच गावच्या पतंगांची आमच्याच गावात कोणीतरी काढलेली छायाचित्रे पाहत होतो. ती म्हणाली होती, "अहो, डावीकडचा पतंग एकदम समोर येतो हो. येताना दिसत नाही." आणि मी म्हणालो होतो, "हूं."

हे 'हूं' मला शब्दशः आठवते, कारण ते म्हणताना मी कोणते छायाचित्र पाहत होतो तेही आठवते. पाच तास बारा मिनिटांत असे 'हूं' किती बसतात याचा हिशेब यंत्र देत नाही.

आम्ही नाशिकला नेत्रवैद्याकडे गेलो. तिची हनुवटी एका खोलगट पांढऱ्या अर्धगोलासमोर टेकवून ठेवली, हातात एक कळ दिली आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की ती दाबावयास सांगितले. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. कळ टक, टक, टक वाजे. मग बराच वेळ काही वाजत नसे. ठिपके उमटत असणार. तिला दिसत नसणार. तेवढ्या शांततेत मी जितका सावध बसलो होतो तितका गेल्या कित्येक वर्षांत कोठेही बसलो नव्हतो.

काचबिंदू निघाला. डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस कडेकडेने सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, आणि समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, म्हणून पुष्कळांस ते उशिरा कळते. गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब नियमाने घातले तर उरलेली बहुधा राखता येते. डॉक्टर वयाने तरुण होते आणि बोलण्यात मायाळू. त्यांनी तिला विचारले, "आजी, हे केव्हापासून जाणवते?"

ती म्हणाली, "माझ्याच लक्षात उशिरा आले हो. आता आता."

मी तिच्याकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यासमोर बोललेले हे पहिले असत्य असावे, आणि ते माझ्यासाठी होते. मी तेथेच खरे सांगावयास हवे होते. सांगितले नाही. पुढे तिला बाहेर बसवून एकटाच आत जाऊन मी डॉक्टरांस सर्व सांगितले आणि विचारले की दिवाळीतच आलो असतो तर? ते म्हणाले, हा आजार वर्षानुवर्षांचा आहे, तीन महिन्यांनी फारसा फरक पडला नसता. 'फारसा' या शब्दावर त्यांनी जोर दिला नव्हता. तो मी दिला, आणि अजून देतो.

आणि परतीच्या एस.टी.त मी काय केले? मोबाइल काढून काचबिंदूविषयी वाचीत बसलो. निफाड गेले, विंचूर गेले, मला कळले नाही. मधेच ती खिडकीबाहेर बोट दाखवून काही म्हणाली. मी पाहीपर्यंत ते मागे पडले होते. "काय होते?" मी विचारले. "काही नाही. द्राक्षाची बाग होती. छान घड लागले होते." या खेपेस मी मोबाइल पिशवीत ठेवला, पण बाग काही परत आली नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाच्या दिवसांत शाळेच्या निमित्ताने मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा उघडल्या तरी ते हातून सुटेनात. तेव्हा 2022 च्या ऑगस्टात त्या गावाने ठराव केला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावयाचा, की घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद. साडेआठास पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे वा बोलावे. लोकांस हे पटवून देण्यासाठी अंगणवाडीच्या सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक घरोघर हिंडले असे त्या वेळी छापून आले होते. निवृत्त शिक्षक! मी ते वाचले तेव्हा आमच्या समूहावर पुढे धाडले आणि खाली लिहिले, 'अनुकरणीय.' त्यावर सतरा जणांनी अंगठे उंचावले. त्यांतील एकानेही, आणि मीही, त्या दिवशी सात वाजता काही बंद केले नाही.

त्या गावाविषयी मला आदर आहे. गावकऱ्यांनी मुलांचे दीड तास परत मिळविले. पण भोंगा मुलांसाठी होता, कारण मुलांस परीक्षा असते. त्यांच्या वेळेचा कोणी तरी मालक असतो. सदुसष्ट वर्षांच्या, कोणाचे वाईट न करणाऱ्या, वेळेवर औषध घेणाऱ्या सभ्य गृहस्थासाठी भोंगा कोणी वाजवावयाचा? त्याच्या पाच तासांनी कोणाचे नुकसान होते? दुकान बुडत नाही, मूल नापास होत नाही. तो घरातच असतो. घरातच असतो म्हणूनच तो नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या ध्यानात येते ते माणूस दोनदा सांगते आणि तांदूळ धुवावयास जाते.

आता रात्री नऊ वाजता थेंब मी घालतो. ही गोष्ट लिहिताना पुण्य केल्यासारखी वाटते. तसे काही नाही. तिच्या हाताला कंप आहे, तिचे निम्मे थेंब गालावर जात. थेंब घातल्यावर पाच मिनिटे डोळे मिटून पडून राहावे लागते. पहिल्या काही दिवशी ती पाच मिनिटे मी मोबाइलवर वेळ लावून मोजली, आणि मोजता मोजता बातम्या पाहिल्या. एके रात्री ती मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "काहीतरी बोला ना. नाही तर तुम्ही आहात की नाही कळत नाही." तेव्हापासून बोलतो. पाच मिनिटे काय बोलावे हा प्रश्न प्रथम बिकट वाटला. बाजारात काय पाहिले ते सांगितले. मग मेथीची जुडी केवढ्याला मिळाली यावरून वाद झाला आणि पाच मिनिटांची पंधरा झाली. हल्ली ती मला माहेरच्या मागाच्या गोष्टी सांगते. तिच्या वडिलांनी आसावलीच्या काठात तिच्याकडून एकदा एक पान जास्त विणले गेले म्हणून सारा काठ उसवावयास लावला होता. ही गोष्ट बेचाळीस वर्षांत मला ठाऊक नव्हती, किंवा तिने सांगितली असेल आणि मी 'हूं' म्हणालो असेन.

माझा आकडा फार उतरला असे मात्र कोणी समजू नये. गेल्या रविवारी तो तीन तास एक्केचाळीस मिनिटे होता. त्याच्या आधीच्या रविवारी चार तासांवर गेला होता, कारण क्रिकेटचा सामना होता. नातवाला मी आकडे कळवितो. तो प्रत्येक खेपेस एक टाळ्यांचे चित्र धाडतो, आणि ते पाहण्यास मला मोबाइल उघडावा लागतो. विणकराकडे आठवड्यातून एकदा जातो. तो डोळे वर न करता बोलतो, मी त्याची बोटे पाहत बसतो. तास निघून जातो. यंत्राच्या हिशेबात हा तास येत नाही, आणि तो कोठे जमा धरावा हे माझ्या गणितातही बसत नाही, कारण मी तेथे काही करीत नाही.

यंदाच्या संक्रांतीस आम्ही दोघे गच्चीवर गेलो. गुडघ्यांमुळे तिला जिन्याला पंधरा मिनिटे लागली. मोबाइल खाली राहिला होता. निश्चयाने ठेवला होता असे लिहिणे मला आवडले असते, पण विसरला होता. ती नेहमीच्या जागी कठड्याशी उभी राहिली आणि मी तिच्या डाव्या हातास.

"आला की सांगा," ती म्हणाली.

"कोणता?"

"कोणताही. कापलेला."

मी पाहत राहिलो. उन्हाने डोळ्यांत पाणी येत होते. पतंगांकडे असे सलग पाहण्याची सवय माझ्या डोळ्यांना राहिली नव्हती. ते सारखे खाली उतरू पाहत. दोन-तीन पतंग माझ्या देखत कापले गेले आणि मला ते ओरडा झाल्यावर कळले. तिने काही म्हटले नाही. मग एक हिरवा, पांढऱ्या पट्ट्याचा, दोरी तुटून डगमगत आमच्या गच्चीच्या रोखाने येऊ लागला.

"आला," मी म्हणालो. "हिरवा आहे. चिंचेच्या वर आहे अजून. वारा पडला बघ... नाही, निघाला. आता शेजारच्या धाब्यावर. आता तुझ्या खांद्याच्या रेषेत येईल."

तिने मान न वळविता हात वर केला.